टकळीला काय काय भरवलं

३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पाकीट बघून घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. फोन सोडून पत्र का, तर आमच्याकडे फोन एकच, तो तुमच्या बंधुराजांच्या खिशात, आणि खोलीही एकच. तुमच्याशी बोलायला लागले की हे भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतात आणि एकूण एक शब्द ऐकतात. मग आठवडाभर 'ताईला असं का म्हणालीस' चालतं. तेव्हा तुम्हीही पत्रच लिहा. पत्ता टकळीच्या शाळेचा घाला, तिच्या बाई माझ्या हातात देतील. बाईंना मी विश्वासात घेतलंय.

विषय टकळीचाच आहे. तिची टकळी सध्या बंद आहे, वन्सं. तुम्हीच ते नाव ठेवलंत, दिवसभर तोंड चालतं म्हणून. आता जेवायला बसवलं की पोट धरते, दोन घास खाऊन उठते. चार-चार दिवस पोट साफ होत नाही. कशानेही रडते, आणि रडायचं संपलं की कोपऱ्यात बसून भिंतीचा पोपडा नखाने काढते आणि बोट तोंडात घालते. चेहरा कागदासारखा झालाय. जंत असतील का? दाईला विचारलं तर ती म्हणते दात येत असतील. सहा वर्षांच्या मुलीला कसले दात?

बाकी आमचं ठीक. गोदामामागची ही खोली मालकाने बिनभाड्याची दिली, तेव्हापासून डोक्यावर छप्पर आहे, एवढं काय थोडं झालं. ट्रकने जुन्या बॅटऱ्या येतात, फोडणारे त्या कुऱ्हाडीने फोडतात, आतलं शिसं भट्टीत वितळवून त्याच्या विटा पाडतात. हे भट्टीवर. आवारात आमच्यासारखी सहा-सात बिऱ्हाडं आहेत. रिकाम्या खोक्यांचा ढीग नुसता पडून असतो, म्हणून मी त्यातली मजबूत खोकी निवडून, धुऊन, बुडाला भोकं पाडून त्यांत पालेभाजी लावली. माती कुंपणाकडेची, काळी आणि भुसभुशीत. पानं बघाल तर तळहाताएवढी! शेजारणी बी मागायला येतात, तेव्हा मला उगाच जमीनदारीण झाल्यासारखं वाटतं.

एक सांगते, मनात ठेवा. हे हल्ली फार तापट झालेत. परवा भाजी अळणी म्हणून ताट भिंतीकडे सरकवलं. पूर्वी असे नव्हते. कुणाला सांगणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुमची भावजय


१४ फेब्रुवारी

भावजयबाई,

तुझं पत्र आलं तेव्हा एक गिऱ्हाईक माप द्यायला दोन्ही हात पसरून उभं होतं. मी शिवणयंत्राला टेकून पत्र वाचून संपवलं आणि बाई तशीच उभी. शेवटी म्हणाली, 'वाईट बातमी आहे का?' म्हटलं, 'नाही हो, भाची जेवत नाही.' मग तिने मला तिच्या तीन मुलांची जेवणं सांगितली आणि माप चुकलं.

आता ऐक. शाळा लागली की पोटात दुखणं हा आमच्या घराण्याचा आजार आहे. तुझा नवरा पहिलीत असताना रोज सकाळी गडबडा लोळायचा आणि शाळेची घंटा होऊन गेली की उठून खेळायला जायचा. तेव्हा निम्मं दुखणं खरं धर, निम्मं सोड. पण चेहरा पांढरा पडलाय म्हणतेस, तर अंगात रक्त कमी आहे, हे मला इथे बसून दिसतंय. उंटावरून शेळ्या हाकते म्हणू नकोस. घरात एवढी पालेभाजी पिकते आणि पोरीला रक्त नाही? दोन्ही वेळा दे. उकडलीस तर वरचं पाणी फेकू नकोस, वाटीभर पाज, सगळं सत्त्व त्या पाण्यात असतं. बाजारची भाजी कुठल्या गटारावर वाढवतात कोण जाणे. तुझी डोळ्यांदेखत वाढलेली आहे. नाही खाल्लं तर नाक दाबून भरव. आपल्याला असंच भरवलं आणि आपण मेलो नाही.

बंधुराजांचं म्हणशील तर तो जन्मापासून भडकू आहे. तू नवी होतीस तेव्हा तुला कळलं नाही, एवढंच.

आत्या टकळीची


१० मार्च

प्रिय वन्सं,

तुमच्या सांगण्याप्रमाणे रोज दोन्ही वेळा देते. वरचं पाणीही पाजते. नाक दाबायची वेळ येते, आणि मी दाबते. पण फरक म्हणाल तर उलटाच वाटतो. हे लिहिताना मला तुमची भीती वाटते, पण काय दिसतं ते लिहिते.

परवा शाळेत गेले तर बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ही मुलगी वर्गात सगळ्यांच्या आधी कविता म्हणायची, आता दुसऱ्या ओळीवर अडते आणि माझ्याकडे बघत राहते. सपाट जमिनीवर पडते. गुडघे बघाल तर एकही जागा धड नाही. बाई म्हणाल्या, 'घरी काही झालंय का?' त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि माझ्या कानशिलात गरम झालं. कारण गेल्या आठवड्यात ह्यांनी तिला एक थप्पड मारली होती. एकच. मारून झाल्यावर बाहेर जाऊन बसले आणि जेवले नाहीत. हे मी तुम्हाला आधी लिहिणार नव्हते.

पण म्हणून त्यांना वाईट ठरवू नका. भट्टीवरच्या माणसांना मालक रोज पेलाभर दूध देतो, शिसं बाधू नये म्हणून. सगळे तिथेच पितात. हे पीत नाहीत. डब्यात घेऊन घरी येतात, कामाच्या कपड्यांतच उंबऱ्यावर बसतात, टकळीला मांडीवर ओढतात आणि डबा तिच्या तोंडाला लावतात. वर कधी काळपट साय धरलेली असते, ती बोटाने काढून टाकतात. ती प्यायली की तिच्या मिशा पुसतात आणि मगच हातपाय धुवायला जातात. स्वतःच्या तोंडचं काढून देणारा बाप आहे हा, वन्सं. तापट म्हटलं मी, ते परत घेते.

फक्त एक. काल त्यांच्या हातून भरलं पातेलं सुटलं. त्याआधी तांब्या. विचारलं तर माझ्यावरच ओरडले.

तुमची भावजय


१८ मार्च

भावजयबाई,

हातातून भांडी सुटतात, डोकं भडकतं, जेवणावर वासना नाही, पोरीवर हात टाकून नंतर रडत बसतो. याला काय म्हणतात ते आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तो प्यायला लागलाय! तू भोळी आहेस. कुणी भट्टी म्हटलं की माझ्या मनात दुसरीच भट्टी येते, आणि तिथे दूध देत नाहीत.

मी त्याला वेगळं पत्र टाकलंय, कामावरच्या पत्त्यावर. तुझं नाव त्यात कुठेही नाही. माझ्या भाषेत जेवढं लिहिता येतं तेवढं लिहिलंय, आणि माझी भाषा तुला माहीत आहे.

टकळीची भाजी बंद करू नकोस. औषधाला वेळ लागतो. बापामुळे घरात धुसफूस असली की पोरं अशी कोमेजतात, त्यात भाजीचा काय दोष? रक्त भरायला महिना-दोन महिने जातातच. शाळेच्या बाईला म्हणावं, कवितेचं नंतर बघू.

आत्या


२९ मार्च

ताई,

मी पीत नाही. अक्षर बघून तुला उलट वाटेल, म्हणून आधी सांगतो: डाव्या हाताने लिहितोय. उजवा मनगटापासून वर उचलत नाही. पुढे धरला की पंजा खाली लोंबतो. दुखत नाही, नुसता ऐकत नाही. जानेवारीपासून असं आहे. भट्टीवरचा ढवळायचा पळा मी डाव्या हाताने धरतो आणि मालक आला की उजवी बाजू भिंतीकडे करून उभा राहतो.

आमच्यातल्या दोघांचा हात असाच गेला होता. दोघांना काढलं आणि आठ दिवसांत खोली रिकामी करायला लावली. त्यातला एक फोडणारा, तो आता कुठे आहे कुणाला माहीत नाही. म्हणून बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, माझी तर मूठ नीट वळतही नाही.

पोरीला मी मारलं हे तुला कुणी सांगितलं ते मला कळलंय. तिने दूध सांडलं होतं. ते दूध मी दिवसभर जपून ठेवतो, ताई. झाकण नसलेल्या डब्यावर हात धरून आणतो. ते जमिनीवर गेलेलं बघितलं आणि मला काही सुचलं नाही. त्याची लाज मला तुझ्या शिव्यांपेक्षा जास्त आहे.

हिला हाताचं सांगू नको. पोरीच्या दुखण्याने ती अर्धी झालीय. तुला माझी शपथ. आणि पोरीला दुधाने गुण येईल, मी एक दिवस चुकवत नाही.

तुझा भाऊ


६ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र मी दुकानाचं दार ओढून घेऊन वाचलं. माझे शब्द मागे घेते. तू लहानपणी ताप लपवायचास, तोच अजून आहेस.

तुझ्या बायकोला सांगत नाही. शपथ घातलीस, माझे हात बांधलेस. पण हाताला तेल लावून शेक, आणि उजव्या हाताने वजन उचलू नकोस. भार पडून शीर दबली असेल. आमच्याकडे एका कात्रीवाल्याचं असं झालं होतं, विश्रांतीने बरा झाला. दूध निम्मं तू पीत जा, तूही कुणाचं तरी लेकरू आहेस. आणि टकळीला एकदा चांगल्या डॉक्टरकडे ने. तुझ्या मालकाच्या डॉक्टरकडे नको, तो सगळ्यांना एकच पांढरी गोळी देतो असं तूच म्हणाला होतास.

ताई


२ मे

वन्सं,

टकळी दवाखान्यात आहे. आज बारावा दिवस.

दुपारी मी भाजी खुडत होते आणि ती शेजारी खोक्यातली माती उकरत बसली होती. अचानक तिचं डोकं मागे गेलं. डोळे वर, दातखिळी, सगळं अंग लाकडासारखं ताठ आणि झटके. मी ओरडले तसे भट्टीवरून हे धावत आले. ट्रकवाल्याने दवाखान्यात पोचवलं. वाटेत तिला पुन्हा आकडी आली. मला वाटलं, गेली.

तिथली डॉक्टरीण वयाने माझ्याहून लहान असेल. तिने टकळीचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि पहिला प्रश्न विचारला, 'वडील काय काम करतात?' मला राग आला. आजारी पोर आहे आणि हिला बापाची नोकरी कशाला हवी? मग तिने ह्यांना सांगितलं, दोन्ही हात समोर सरळ धरा. हे म्हणाले, 'मला काही झालेलं नाही, पोरीला बघा.' ती म्हणाली, 'धरा.' डावा सरळ राहिला. उजव्याचा पंजा खाली पडला, फांदी मोडावी तसा. वन्सं, मी ह्या माणसाला रोज वाढते, ह्यांचे कपडे धुते, आणि मला ते त्या खोलीत, परक्या बाईसमोर कळलं.

रक्त तपासून आलं. शिसं. दोघांच्याही अंगात, आणि टकळीच्या अंगात मोठ्या माणसाला होऊ नये एवढं. ते मेंदूपर्यंत गेल्यामुळे आकडी आली. मग डॉक्टरीण खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, 'तिला रोज काय काय खायला देता, सगळं सांगा.' मी अगदी मान वर करून सांगितलं हो. घरची पालेभाजी दोन्ही वेळा, तिचं पाणी, बापाच्या वाटणीचं दूध. ती ऐकत होती आणि लिहीत नव्हती. मग विचारलं, भाजी कशात लावली आहे? माती कुठली? दूध कशातून येतं? कामाचे कपडे कुठे धुता? मी एकेक उत्तर देत गेले आणि चौथ्या उत्तराला माझं मलाच ऐकू यायला लागलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, भाजी चांगलीच असते, दूधही चांगलंच असतं, पण तुमच्या आवारात पडणाऱ्या धुळीत शिसं आहे, त्या मातीत आहे, त्या खोक्यांत आहे. पानांवर बसतं आणि पानांत उतरतंही. उघड्या डब्यात पडतं. कपड्यांतून, केसांतून घरात येतं. लहान मुलांच्या अंगात ते आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त मुरतं. आणि दूध पिऊन शिसं बाधत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

म्हणजे आम्ही तिला जितकं भरवलं, जितकं मांडीवर घेतलं, तितकं ते तिच्या आत गेलं. मी नाक दाबून भरवलं, वन्सं. तिला नको होतं. ती तोंड फिरवत होती आणि मी नाक दाबत होते.

आता तुमच्याकडे येते. भाजी देत राहा असं तुम्ही लिहिलंत. त्यासाठी मी तुम्हाला दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण ह्यांचा हात गेलाय हे तुम्हाला मार्चपासून माहीत होतं. ते दवाखान्यात ह्यांच्या तोंडून निघालं. मला तेव्हा कळलं असतं तर मी ह्यांना ओढत डॉक्टरकडे नेलं असतं, आणि त्या डॉक्टरने विचारलं असतं, घरात लहान मूल आहे का? एप्रिलचे ते दिवस वाचले असते. भावाची शपथ पाळलीत तुम्ही. छान केलंत.


९ मे

वहिनी,

तुला कधी वहिनी म्हटलं नाही, तू लहान म्हणून. आज म्हणते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एकही शब्द खोडायला जागा नाही. मी पत्र हातात घेऊन बसले आणि यंत्रावर पाय ठेवून नुसतं रिकामं चालवत राहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं मी आयुष्यभर दुसऱ्यांना हसत आले. पोरीला रक्त नाही म्हणून भाजी, भावाचं डोकं फिरलं म्हणून दारू, हात लुळा पडला म्हणून तेल. तीन दुखणी मला तीन वाटली. एकाच आवारातली आहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि शपथेचं म्हणशील तर मला भाऊ दिसला, तू दिसली नाहीस. हे मला फार लागलंय. माफ कर असं लिहिते, पण घाईने माफ करू नकोस.

आता कामाचं. दवाखान्यातून सुटली की तिला त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस. तुम्ही तिघं इकडे या. दुकानाच्या वरची खोली मी रिकामी करतेय. कापडाचे गठ्ठे खाली आणले, भिंती घासून घेतल्या. मी खाली दुकानात झोपेन. तिथल्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी आण, इथला सरकारी दवाखाना पुढची औषधं देईल, मी विचारून आले. तिथलं एकही भांडं, एकही चादर आणू नका. अंगावर घालायचं सगळं मी शिवते. टकळीचं माप पाठव.

आत्या


१ जून

वन्सं,

टकळीचं माप पाठवते आहे. गेल्या वर्षीचाच फ्रॉक तिला सैल होतो.

आम्ही दोघीच येतो. हे येत नाहीत. खूप सांगितलं. म्हणतात, 'तिथे येऊन काय करू, बायकांच्या कपड्यांना काजं करू?' म्हणतात, हाताला उपचार चालू आहेत, मालकाने अजून काढलेलं नाही, काढेपर्यंत राहतो. मी म्हटलं, मग तुमच्या अंगात आणखी शिसं भरू दे का? तर म्हणाले, 'माझ्यात जायचं ते गेलंय.' तुमच्या घराण्याचा हट्ट मी तुम्हाला काय सांगायचा. मी रडले आणि मग सामान बांधायचं म्हणून उठले, तर बांधायला काहीच नव्हतं.

निघायच्या आधी म्हणून मी भाजी उपटली. सगळी खोकी रिकामी करून ढिगावर नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर निम्मी खोकी गायब. शेजारणींनी माझी मुळासकट टाकलेली रोपं उचलून पुन्हा लावली होती! मी एकेकीच्या दारात गेले. शेजारच्या बॅटऱ्या फोडणाऱ्याच्या बायकोला सांगितलं, ट्रकवाल्याच्या आईला सांगितलं, ही भाजी पोरांना देऊ नका, माझ्या पोरीचं काय झालं ते बघितलंत ना. ट्रकवाल्याची आई म्हणाली, 'तुझी पोर आधीपासूनच नाजूक होती.' फोडणाऱ्याची बायको हळूच म्हणाली, 'वहिनी, तुम्ही चाललात. आम्हाला इथे राहायचंय. असं मोठ्याने बोलू नका.' तिचा धाकटा तिच्या पायाशी मातीत खेळत होता आणि त्याचं बोट तोंडात होतं. मी ते बोट काढलं तर तिने मुलाला माझ्यापासून लांब घेतलं.

मी चिडले नाही. फेब्रुवारीत मला कुणी येऊन सांगितलं असतं, तर मीही त्या बाईला हाकलून दिलं असतं.

टकळीला दवाखान्यातून थेट स्टेशनवर आणून आम्ही गुरुवारच्या गाडीने निघतो. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण तुम्ही गठ्ठे खाली आणलेत हे वाचून मला झोप लागली.


२० ऑगस्ट

बाळा,

तू विचारलंस म्हणून टकळीचं खरं तेच लिहिते. लपवाछपवीची हौस आपली सगळ्यांची फिटली.

औषधाच्या दोन फेऱ्या झाल्या. रक्तातलं शिसं उतरतंय. आकडी पुन्हा आलेली नाही. पडत नाही, जेवते, पोट दुखत नाही. गालांवर थोडं मांस आलंय. हे सगळं चांगलं. आता दुसरं. इथल्या शाळेने तिला एक वर्ग खाली बसवलं. बटणं रंगांप्रमाणे वेगळी कर म्हटलं तर करायला लागते आणि मध्येच विसरते की आपण काय करत होतो. शब्द तोंडाशी येतो आणि अडतो, मग ती स्वतःच्याच मांडीवर चापट मारते. मी डॉक्टरांना उभ्या उभ्या विचारलं, हे सगळं भरून येणार ना? ते म्हणाले, काही येईल, काही येणार नाही. किती ते तिच्या वाढीबरोबर कळेल. मी म्हटलं, म्हणजे? तर ते म्हणाले, 'म्हणजे आता तिच्या अंगात आणखी जाऊ देऊ नका, एवढं तुमच्या हातात आहे.'

वहिनी खाली दुकानात बसते, शिलाई शिकली. हात चांगला आहे तिचा. माझ्याशी बोलते. पहिले काही दिवस फक्त सुई-दोऱ्यापुरतं बोलायची. परवा एका गिऱ्हाइकावरून आम्ही दोघी पोट धरून हसलो, आणि मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. तुझी आठवण काढत नाही, पण दर संध्याकाळी दारात उभी राहते.

टकळी तुला विचारते. ये रे बाबा. काजं करायला लावणार नाही. दाराशी बसून गिऱ्हाइकांशी नुसत्या गप्पा मारल्यास तरी धंद्याला बरकत येईल. गुर्मीपेक्षा पोरगी मोठी आहे.

ताई


२ सप्टेंबर

ताईचं पत्र मिळालं. उत्तर तुला लिहितोय. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुला कधी पत्र लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर डाव्या हाताचंच आहे. उजवा थोडा उचलतो, पण लिहिण्याइतका नाही.

मला काढलं. काढलं म्हणजे मालक ओरडला वगैरे नाही. हात बघितला, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, आता आराम कर. माझ्या जागी नवा माणूस घेतलाय. आज तो खोली ताब्यात घ्यायला आला, बायको आणि दोन लहान मुलं घेऊन. सामानाची हातगाडी दारात उभी होती. मी म्हटलं, उतरवायच्या आधी माझं ऐका. त्याला सगळं सांगितलं. टकळीचं सांगितलं, आकडी आली तेव्हाचं सांगितलं, भाजीचं, दुधाचं. बोलताना मला रडू आलं, परक्या माणसासमोर. मग हात पुढे धरून दाखवला.

त्याने बराच वेळ हाताकडे बघितलं. त्याच्या बायकोने मुलांना मागे ओढलं. मला वाटलं, जातील. तो म्हणाला, 'तुम्ही किती वर्षं होतात इथे?' मी म्हटलं, चार. त्याने बायकोकडे बघितलं. कुठून आले, का आले, मी विचारलं नाही. हातगाडीवरच्या सामानावरून दिसतच होतं. मग तो मला म्हणाला, 'आम्ही दोनच वर्षं राहू.'

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण आपण आलो त्या दिवशी मला कुणी हेच सांगितलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो, आणि तूही हातगाडीवरचं सामान उतरवायला लागली असतीस. त्याच्या बायकोला म्हटलं, दूध आणलं तर पोरांना देऊ नका, कपडे बाहेर धुवा, कुंपणाकडची माती घरात आणू नका. ती मान हलवत होती. किती लक्षात राहील माहीत नाही. किल्ली दिली.

शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतो. इथलं काही आणत नाही, फक्त अंगावरचे कपडे. स्टेशनवर तू एकटीच ये आणि ताईने शिवलेले कपडे घेऊन ये. अंगावरचे मी तिथेच टाकेन. टकळीला आणू नकोस. घरी आल्यावर आधी डोक्यावरून आंघोळ करतो. तोपर्यंत ती धावत आली तरी तिला धरून ठेव, माझ्यापर्यंत येऊ देऊ नकोस.